शिकवणारी सिस्टर कशी घडते? उत्तर कर्नाटकातल्या ५३ नर्स मेंटॉरचं प्रकरण

ऑगस्ट २०१२ पासून उत्तर कर्नाटकातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक वेगळीच पाहुणी येऊ लागली. ती स्वतः परिचारिका होती, पण तिची ड्यूटी त्या केंद्रात नव्हती. तपासणीला आलेल्या साहेबांसारखं रजिस्टरवर सही करून ती तासाभरात निघूनही जात नव्हती. ती लेबर रूममध्ये थांबायची, तिथल्या सिस्टरांबरोबर केसपेपर चाळायची, एखादी प्रसूती सुरू असेल तर शेजारी उभी राहायची. मग जायची आणि साधारण दोन महिन्यांनी पुन्हा हजर व्हायची. तिच्या पदाचं नाव होतं नर्स मेंटॉर, म्हणजे सोबत राहून शिकवणारी परिचारिका.

अनुभवी परिचारिकांना ‘शिकवणाऱ्या’ कसं करायचं यावर आपल्याकडे कार्यशाळा भरपूर होतात. प्रमाणपत्रंही वाटली जातात. पण हे काम सरकारी यंत्रणेच्या आत, मोठ्या प्रमाणावर आणि वर्ष-दोन वर्षं सलग करून पाहिल्याची उदाहरणं कमी आहेत. त्यातलं हे एक. शिवाय ते आपल्या शेजारचं आहे, म्हणून तपशिलात बघण्यासारखं.

जिल्हे आठ: बीदर, गुलबर्गा, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी, विजापूर आणि बागलकोट. यातल्या बीदर-गुलबर्ग्याकडचा बहुतेक भाग १९५६ पर्यंत मराठवाड्यासोबत हैदराबाद राज्यात होता, आणि विजापूर मुंबई राज्यात. आजही अक्कलकोट, उमरगा, उदगीर, जत या तालुक्यांच्या पलीकडे गेलं की हेच जिल्हे लागतात. भालकी-औरादकडे मराठी घराघरात बोलली जाते. मागासलेपणाची कहाणीही ओळखीची: पाऊस कमी, स्थलांतर जास्त, मुलींची लग्नं लवकर, अंगात रक्त कमी.

२०१०-१२ च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात कर्नाटकाचा मातामृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे १४४ होता. त्याच काळात महाराष्ट्राचा ८७ आणि केरळचा ६६. दक्षिणेतल्या राज्यांत कर्नाटक सगळ्यात मागे होतं, आणि राज्याच्या आत उत्तरेकडचे हे जिल्हे मागे होते.

गंमत म्हणजे बायका दवाखान्यात यायला लागल्या होत्या. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशा कार्यकर्त्या घरोघर फिरू लागल्या, २००८ पासून कर्नाटकात १०८ ची गाडी धावू लागली. चोवीस तास चालणारी प्राथमिक आरोग्य केंद्रं ठरवली गेली, तिथे स्टाफ नर्स नेमल्या गेल्या. घरची बाळंतपणं झपाट्यानं कमी झाली. म्हणजे ‘दवाखान्यात या’ हा निरोप पोचला. पण दवाखान्यात आल्यावर पुढे काय, हा प्रश्न मोठा होऊन बसला.

त्या लेबर रूममधली परिस्थिती समजून घेतली तर बाकीचं सगळं समजतं. केंद्रात मोजक्या सिस्टर, त्या आळीपाळीनं ड्यूटी करणार. म्हणजे रात्री एकच. डॉक्टर एक, आणि तो मुक्कामाला असेलच असं नाही. या सिस्टरने तीन-साडेतीन वर्षांचा जीएनएमचा (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) कोर्स केलेला आहे. कदाचित कुशल प्रसूतिसेवेचं २१ दिवसांचं सरकारी प्रशिक्षणही जिल्हा रुग्णालयात घेतलेलं आहे. पण जिल्हा रुग्णालयात शिकताना हाक मारली की धावून येणारी माणसं होती, शेल्फवर औषधं होती. इथे एकटीने ठरवायचं आहे: ही बाई इथे मोकळी होईल की आत्ताच पुढे पाठवायची?

प्रशिक्षण आणि काम यांच्यामधली ही दरी वर्गात बसवून भरत नाही. २१ दिवसांत शिकलेली गोष्ट सहा महिने हाताला लागली नाही तर विसरते. गर्भिणीला झटके येण्याचंच उदाहरण घ्या. छोट्या केंद्रात अशी केस वर्षात एखादी दिसेल, किंवा दिसणारही नाही. आली तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस तिथेच देऊन मग रेफर करायचं: दहा ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच, खोल स्नायूत. आपल्याकडे मिळणाऱ्या एका अँप्यूलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुपीत, एक ग्रॅम असतं. म्हणजे बाई समोर झटके देत असताना, नातेवाईक ओरडत असताना दहा अँप्यूल फोडायच्या. पुस्तकात हा डोस एका ओळीत येतो. ज्या सिस्टरने आयुष्यात कधी दहा अँप्यूल एकापाठोपाठ फोडलेल्या नाहीत, तिच्यासाठी ती ओळ फारशी कामाची नाही.

उत्तर म्हणून ‘सुक्षेम’ या प्रकल्पाखाली हा कार्यक्रम उभा राहिला. कर्नाटक सरकारच्या आरोग्य खात्याबरोबर कर्नाटक हेल्थ प्रमोशन ट्रस्ट आणि कॅनडाचं मॅनिटोबा विद्यापीठ त्यात होतं, बंगळूरची सेंट जॉन्स ही वैद्यकीय संस्था आणि इंट्राहेल्थ ही आरोग्य क्षेत्रातली संस्था सोबतीला, पैसा गेट्स फाउंडेशनचा. ५३ पूर्णवेळ मेंटॉर, आठ जिल्ह्यांतली ३८५ प्राथमिक आरोग्य केंद्रं. एका मेंटॉरकडे सहा ते आठ केंद्रं, आणि पहिल्या वर्षात प्रत्येक केंद्राला साधारण सहा भेटी. कार्यक्रम जुलै २०१४ पर्यंत चालला.

या आकड्यांतला ‘पूर्णवेळ’ हा शब्द माझ्या मते सगळ्यात महागडा आणि सगळ्यात महत्त्वाचा. हिशेब करून बघा. सात केंद्रं, प्रत्येकी सहा भेटी आणि एक भेट तीन दिवसांची धरली तर वर्षाचे १२६ दिवस नुसते केंद्रांत गेले. त्यात प्रवास, नोंदी, स्वतःचं शिकणं आणि आपसातल्या बैठका मिळवल्या की एका माणसाचं वर्ष संपलं. हे काम आपली नेहमीची ड्यूटी सांभाळून ‘जरा बघा’ म्हणून करता आलं नसतं.

आता मुख्य मुद्दा. चांगली परिचारिका आपोआप चांगली शिक्षिका होते का?

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-अभ्यासकाने १९८० च्या दशकात परिचर्येतल्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, अगदी नवख्यापासून ते निष्णातापर्यंत. त्यातलं एक निरीक्षण वॉर्डात काम केलेल्या कोणालाही पटेल. निष्णात परिचारिका नियम आठवून काम करत नाही. तिला पेशंट बघितल्या बघितल्या ‘काहीतरी बिघडतंय’ हे कळतं. का कळलं, हे मात्र तिला सांगता येत नाही. नवख्या मुलीला नेमकं तेच हवं असतं: का? मग मोठ्या सिस्टरचं उत्तर येतं, “अनुभवाने कळतं.” ते खरं असतं आणि निरुपयोगी असतं.

म्हणून अनुभवी परिचारिकेला मेंटॉर करताना दोन कामं करावी लागतात. एक, तिचं स्वतःचं ज्ञान आजच्या मार्गदर्शक सूचनांशी ताडून घ्यायचं, कारण वीस वर्षांच्या अनुभवात वीस वर्षांच्या चुकीच्या सवयीही मुरलेल्या असतात. पोटावर दाब देऊन बाळ बाहेर ढकलणं, कळा वाढाव्यात म्हणून सलाइनमध्ये अंदाजाने ऑक्सिटोसिन सोडणं, जन्मल्या जन्मल्या बाळाला आंघोळ घालणं, या गोष्टी वर्षानुवर्षं ‘असंच करतात’ म्हणून चालत आलेल्या. दुसरं काम जास्त अवघड: जे हात आपोआप करतात ते सावकाश, बोलत बोलत करायला तिला शिकवायचं. “मी आता पोट चाचपतेय. का, तर आत दुसरं बाळ नाही ना हे बघितल्याशिवाय ऑक्सिटोसिन द्यायचं नाही.” एवढं मोठ्यानं म्हणणं निष्णात माणसाला कृत्रिम वाटतं, लाजही वाटते. पण शिकणारी त्या एका वाक्यातून हालचाल आणि तिच्यामागचं कारण दोन्ही उचलते. सुक्षेमच्या मेंटॉरसाठी दोन्ही बाजू ठेवल्या होत्या. प्रसूती आणि नवजात बाळाच्या काळजीची कौशल्यं होती, आणि त्याबरोबर मेंटॉर म्हणून वागायचं कसं व केंद्रातल्या सगळ्यांना घेऊन सुधारणा कशी घडवायची, हेही होतं.

वागायचं कसं म्हणजे काय, यासाठी लेबर रूममधला एक नेहमीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणू. बाळ झालं, रडलं. सिस्टर बाळाकडे वळली, मग आईला जास्त रक्तस्राव होऊ नये म्हणून द्यायच्या ऑक्सिटोसिनची अँप्यूल ट्रेमध्ये शोधली, ती सापडेना, आयाला फ्रिजकडे पिटाळलं. तीन-चार मिनिटांनी इंजेक्शन दिलं. नियम आहे एका मिनिटाच्या आत, १० युनिट, स्नायूत. तपासणी करणारा अधिकारी इथे शेरा मारून मोकळा होईल. तोंडाने फटकळ सिनियर तिथेच, बाईच्या आणि तिच्या सासूच्या देखत, “एवढंही कळत नाही?” म्हणेल. दोन्ही वेळा ती सिस्टर एकच गोष्ट शिकते, की पुढच्या वेळी वेळ नीट लिहायची.

मेंटॉर त्या वेळी हात पुढे करते, बाळ सांभाळते, गप्प राहते. बाई वॉर्डात गेली, चहा झाला, की मग विषय काढते.

“मघाशी बाळ झाल्यावर इंजेक्शन कधी दिलंत, सिस्टर?”

“लगेच.”

“लगेच म्हणजे किती वेळानं?”

“दिलं ना... वार पडायच्या आधी दिलं.”

“चला, एकदा करून बघू. मी घड्याळ धरते.”

मग बाहुली, रिकामी सिरिंज, ट्रे. सिस्टर स्वतःच्याच हालचाली मोजते. पहिल्यांदा अडतं ते ट्रेपाशीच, कारण ट्रे लावलेला नाही. दोष ज्ञानाचा नव्हताच. कळा जोरात आल्या की इंजेक्शन भरून ठेवायची सवय नव्हती, आणि हे तिला कोणी सांगण्याऐवजी तिचं तिलाच दिसलं. बाळाला अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास देण्याचंही असंच. मिनिटाला ४० ते ६० वेळा हे पाठ असतं. पण मास्क चेहऱ्यावर नीट बसलेला नाही आणि हवा बाजूने निसटतेय, छाती उचललीच जात नाहीये, हे बाहुलीवर स्वतः करताना शेजारच्या माणसाने बोट दाखवल्याशिवाय लक्षात येत नाही.

इथे मेंटॉरची खरी परीक्षा असते: स्वतः हात न घालणं. कुशल माणसाला दुसऱ्याचं अडखळणं बघवत नाही. बाईच्या किंवा बाळाच्या जिवावर बेतत असेल तर अर्थातच पुढे व्हायचं, त्यात तडजोड नाही. पण बाकीच्या वेळी पुढे झालं तर तेवढी एक प्रसूती छान होते आणि मेंटॉर निघून गेल्यावर केंद्र पुन्हा होतं तिथेच. शिवाय सिस्टर कमी असलेल्या केंद्रात बाहेरून आलेली परिचारिका म्हणजे आयती जादा माणूस. तिला कामाला जुंपायचा मोह सगळ्यांनाच होतो, तिला स्वतःलाही.

कार्यक्रमाने मेंटॉरच्या हातात एक साधन दिलं होतं, ते म्हणजे नवीन केसशीट. बाई आल्यापासून ती घरी जाईपर्यंत काय बघायचं, कधी बघायचं, काय आढळलं तर काय करायचं, हे त्यात ओळीने होतं, म्हणजे लिहिता लिहिता मार्गदर्शक सूचनाच पाळल्या जाव्यात. ऐकायला कारकुनी वाटतं. पण आपल्या लेबर रूममधल्या कागदांची अवस्था ज्यांना माहीत आहे त्यांना यातली मेख कळेल.

कुठलंही जुनं रजिस्टर उघडून बघा. बीपी १२०/८०. खाली १२०/८०. त्याच्या खाली १२०/८०. बाळाचे ठोके १४०, १४०, १४०. सगळ्या बायका एकसारख्या निरोगी. पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकतेय त्याचा आलेख, भरलेला असतो तो बाळ झाल्यानंतर, सवडीने, रेषा कुठेही धोक्याच्या रेषेला न शिवणारी. वास्तविक पार्टोग्राफचा सगळा जीव त्याच्या वेळेत आहे. गर्भपिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडल्यापासून तो सुरू करायचा, दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके आणि कळा, दर चार तासांनी आतली तपासणी आणि बीपी. रेषा सावधगिरीच्या रेषेच्या उजवीकडे सरकली की निर्णयाची वेळ आली. चार तास उजवीकडे जी दुसरी रेषा आहे तिथे पोचेपर्यंत बाई पुढच्या रुग्णालयात असायला हवी. बाळ झाल्यावर काढलेला आलेख म्हणजे अपघातानंतर लावलेला दिवा.

आता हीच सिस्टर आळशी आहे का? क्वचित असेलही. पण बहुतेकदा तिच्या लेखी तो कागद वरच्या साहेबासाठी असतो. साहेब येतो, रकाने भरलेत का बघतो, जातो. रकान्यातला आकडा खरा आहे का, हे त्याने कधी विचारलेलं नसतं. मेंटॉर तोच कागद घेऊन बसते आणि वेगळं विचारते: “या बाईचं बीपी रात्री अकराला काय होतं? मग तुम्ही काय केलंत?” दोन-तीन भेटींनंतर सिस्टरच्या लक्षात येतं की या कागदावर खरा आकडा लिहिला तर ओरडा बसत नाही, उलट त्यावर बोलणं होतं. १५०/१०० लिहिण्याची भीती जाते. या प्रकल्पातल्या मेंटॉर आणि केंद्रांतल्या परिचारिका, दोघींनीही नवी केसशीट नीट आणि नेमाने भरली जाऊ लागली हे यश म्हणून सांगितलं. मला तर यातलं सगळ्यात मोठं यश तेच वाटतं, कारण खोटा कागद हा शिकण्याचा पहिला शत्रू आहे.

अर्थात हे घडायला ‘ही आपली आहे’ असा विश्वास आधी बसावा लागतो. म्हणूनच मेंटॉर आणि केंद्रातली माणसं यांच्यातलं नातं, एकमेकींवरचा भरवसा, हे या कार्यक्रमावर झालेल्या अभ्यासातल्या मुलाखतींत वर आलं. एका भेटीत हे होत नाही. मेंटॉरकडे कारवाईचा अधिकार नव्हता, मेमो देणं तिच्या हातात नव्हतं. कोणाला ही कमतरता वाटेल. माझ्या मते तीच तिची ताकद होती. ज्या बाईच्या हातात आपली बदली असते तिच्यापुढे “मला हे जमत नाही” असं कोण म्हणेल?

मेंटॉर फक्त सिस्टरपुरती नव्हती. डॉक्टर, लॅबवाला, फार्मासिस्ट, आया या सगळ्यांना एकत्र बसवून केंद्रात काय कमी आहे ते त्यांनीच शोधायचं, कोण काय करणार आणि केव्हापर्यंत ते ठरवायचं, असाही भाग होता. साध्या गोष्टी असतात. ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं आणि फ्रिज लसीचा म्हणून तिथे ‘दुसरं काही ठेवू नका’ अशी चिठ्ठी लावलेली असते. लहान आकाराचा मास्क हरवलेला असतो. पुढे कुठे पाठवायचं आणि तिथे आधी फोन कोणाला करायचा, हे कुठे लिहिलेलं नसतं. अशा वस्तूंसाठी केंद्राकडे थोडा पैसा असतो. आपल्याकडे रुग्ण कल्याण समिती असते तशी तिकडे आरोग्य रक्षा समिती. प्रश्न पैसा मागणाऱ्याचा असतो. औषधं, साहित्य आणि रेफरलची व्यवस्था सुधारल्याचंही केंद्रांनी सांगितलं.

जिथे घोडं अडलं त्या जागाही नोंदवलेल्या आहेत, आणि त्या वाचताना महाराष्ट्रातल्या कोणत्याही सिस्टरची मान हलेल. काही केंद्रांत प्रसूती खूप आणि माणसं कमी. एकाच वेळी तीन बायका टेबलावर असताना दर अर्ध्या तासाला ठोके कोण मोजणार? काही ठिकाणी वैद्यकीय अधिकारी जागेवर नाही, किंवा असून नसल्यासारखा. मग ठरवलेली कामं कागदावर राहतात, कारण खर्चाला सही त्याची लागते. तिसरी अडचण रीतिरिवाजांची. पहिलं दूध पिळून टाकायचं, बाळाला आधी मध किंवा साखरेचं पाणी चाटवायचं, कळा वाढवायची सुई द्याच असा नातेवाइकांचा आग्रह, अशा गोष्टी या पट्ट्यात, सीमेच्या दोन्ही बाजूंना, आपण सगळ्यांनी बघितलेल्या आहेत. सासूबाईंना नको म्हणायला एकट्या तरुण सिस्टरला जे बळ लागतं ते प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत मिळत नाही.

याचा परिणाम किती झाला? दोन वेगळे पुरावे आहेत आणि ते वेगवेगळे वाचायला हवेत. वर ज्या यशापयशाबद्दल बोललो ते सप्टेंबर २०१२ ते एप्रिल २०१४ या काळात केलेल्या गुणात्मक अभ्यासातून आलेलं आहे: १३ प्रत्यक्ष निरीक्षणं, मेंटॉरसोबत ९ गटचर्चा आणि परिचारिका, वैद्यकीय अधिकारी, जिल्हा अधिकारी यांच्या २५ वैयक्तिक व गट मुलाखती. माणसांना काय वाटलं आणि का वाटलं हे त्यातून कळतं. पण जे स्वतः कार्यक्रमात आहेत त्यांचं मत कार्यक्रमाबद्दल चांगलंच असणार, ही त्याची मर्यादा. दुसरा पुरावा जास्त कडक आहे. बळ्ळारी आणि गुलबर्गा जिल्ह्यांतली १०८ केंद्रं घेऊन, त्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करून, अर्ध्यांना मेंटॉर दिली आणि अर्ध्यांना नाही, अशी तुलना झाली. मेंटॉर मिळालेली केंद्रं साहित्याच्या बाबतीत आणि परिचारिकांच्या तयारीच्या बाबतीत पुढे निघाली.

यावरून ‘मातामृत्यू कमी झाले’ असं कोणी सांगत असेल तर थांबवावं. एका गटात ५४ केंद्रं, प्रत्येकात वर्षाला २५० प्रसूती धरल्या तर झाल्या साडेतेरा हजार. लाखामागे १४४ या दराने त्यात अपेक्षित मृत्यू एकोणीस-वीस. एवढ्या लहान आकड्यात चार-पाचांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. अशा कार्यक्रमाकडून मृत्युदराचा आकडा वर्षभरात मागणं ही त्याच्यावर अन्याय करण्याची हमखास रीत आहे. विचारायचं ते हे, की झटके आलेल्या बाईला पहिला डोस मिळून ती गाडीत बसली का.

हे सगळं खेड्यातल्या आरोग्य केंद्रांचं झालं. आपल्या मोठ्या रुग्णालयाला त्यातलं किती लागू पडतं?

फरक मोठा आहे. तिथे सिस्टर एकटी होती. इथे वॉर्डात पाच जणी असतात, तरी नवी मुलगी एकटीच पडते. तिथे मेंटॉर बाहेरची. इथे तिला शिकवणारी त्याच वॉर्डातली अधिपरिचारिका किंवा परिसेविका, जिच्या स्वतःच्या नावावर खाटा आहेत, औषधांचा इंडेंट (मागणीपत्र) आहे, राउंड आहे, मृत्यूची कागदपत्रं आहेत. शिकवायला पाठ्यनिर्देशिका आहेत, पण त्या बहुतेक नर्सिंग कॉलेजच्या विद्यार्थिनींत अडकलेल्या. मान्यतेच्या तपासणीसाठी खासगी रुग्णालयं नव्या स्टाफचा ‘प्रेसेप्टर’, म्हणजे हाताशी धरून शिकवणारी सिस्टर, कागदावर नेमतात, फाईल तयार करतात. कौशल्यांची यादी आणि त्यापुढे टिकमार्क. पहिल्याच आठवड्यात सगळ्या टिका झालेल्या असतात. आपल्या १२०/८० च्या ओळीची ही सख्खी बहीण.

माझ्या ओळखीतल्या एका रुग्णालयात नव्या मुलींना पहिल्याच महिन्यात नाइट लावली जायची, कारण सिनियरना नाइट नको असते. मेंटॉर म्हणून नेमलेली सिस्टर सकाळपाळीत, शिकणारी रात्रपाळीत. दोघींची गाठ पडायची ती पाळी बदलताना ओव्हर देता-घेता, दहा मिनिटं. कार्यक्रम मात्र सुरू होता आणि अहवालात ‘मेंटॉरशिप: होय’ असं होतं.

उत्तर कर्नाटकाकडून घ्यायचं असेल तर आधी या वेळापत्रकाचं घ्यावं. मेंटॉर आणि शिकणारी एकाच पाळीत, निदान सुरुवातीचे काही आठवडे, आणि त्या काळात मेंटॉरकडच्या खाटा कमी. हे मेट्रनच्या सहीने रोस्टरमध्ये यायला हवं, तोंडी नको. दुसरं, गोपनीय अहवाल लिहिणारी आणि शिकवणारी या दोघी वेगळ्या असाव्यात. लहान रुग्णालयात ते जमत नाही हे मान्य, पण तिथे शेजारच्या वॉर्डाची अनुभवी सिस्टर मेंटॉर म्हणून घेता येते. तिला त्या मुलीच्या रजेशी देणंघेणं नसतं. तिसरं, मेंटॉरची निवड ज्येष्ठतेच्या यादीवरून करू नये. तीस वर्षं काम केलेल्या काही सिस्टर उत्तम असतात आणि शिकवायच्या फंदात पडत नाहीत, तो त्यांचा हक्क आहे. सात-आठ वर्षं झालेली, नुकतीच त्या भीतीतून बाहेर पडलेली, अजून ‘का’ आठवणारी सिस्टर नवख्यांना पुष्कळदा जास्त उपयोगी पडते.

भत्त्याचं काय? द्यावा. पण भत्ता देऊन खाटा तितक्याच ठेवल्या तर त्याला फसवणूक म्हणतात. आणि नवी मुलगी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असेल तर शिकवणाऱ्या सिस्टरच्या मनात येणारच, हिला शिकवून काय, ही जाणारच. या प्रश्नाला मेंटॉर-प्रशिक्षणात उत्तर नाही.

प्रकल्पांचं नशीब प्रकल्पासारखंच असतं, पैसा संपला की माणसं पांगतात. कल्पना मात्र पुढे सरकली. बिहारमध्ये ‘अमानत’ या नावाने परिचारिका-मेंटॉर आरोग्य केंद्रांत गेल्या, तिथे बाहुल्या आणि खोटे प्रसंग उभे करून सराव करण्यावर जास्त भर होता. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने लेबर रूमच्या दर्जासाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम आणला. २०१८ च्या शेवटी मिडवाइफरीच्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात परिचारिकांना १८ महिन्यांचं प्रशिक्षण देऊन स्वतंत्रपणे प्रसूती सांभाळणाऱ्या मिडवाइफ तयार करायच्या आहेत, आणि त्यांना शिकवणाऱ्या शिक्षिकाही परिचारिकांमधूनच आधी घडवायच्या आहेत. म्हणजे शिकवणाऱ्या सिस्टरला आता निदान कागदावर एक पद मिळालं.

तरी जिल्हा पातळीवर ‘आम्ही मेंटॉर नेमल्या’ असं कोणी सांगितलं, तर प्रशिक्षणाचे फोटो बघण्याआधी मी त्या महिन्याचं ड्यूटी रोस्टर मागते.